आनंदीचा निर्णय

वाचण्याआधी

मराठीत नॉव्हेलला कादंबरी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण कादंबरी हे मुळात एका मुलीचं नाव आहे, हे माहीत होतं का? सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक मोठी कथा लिहिली. त्या कथेच्या नायिकेचं नाव कादंबरी. पुढे मराठीत अशा प्रत्येक लांब गोष्टीच्या पुस्तकाला हेच नाव पडलं.

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलेली एक कादंबरी आहे, 'आनंदी गोपाळ'. लेखक श्री. ज. जोशी. ती 1968 साली प्रसिद्ध झाली. सुट्टीत पुण्याला, कल्याणला किंवा कोल्हापूरला गेलात, तर आजी-आजोबांच्या कपाटात शोधा. बहुतेक सापडेलच. 2019 साली याच नावाचा सिनेमाही आला. त्याचे दिग्दर्शक समीर विद्वांस.

ही ऐतिहासिक कादंबरी आहे. म्हणजे त्यातली मुख्य माणसं खरी आणि मोठ्या घटनाही खऱ्या. पण त्यांचं रोजचं बोलणं आणि त्यांच्या मनातले विचार लेखकाने कल्पनेने रंगवलेले. या पाठात आपण कादंबरीच्या मागे उभी असलेली खरी बाई पाहणार आहोत. वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. कादंबरीच्या नावात दोन माणसं आहेत, आनंदी आणि गोपाळ. मग डॉक्टर व्हायचं हे नक्की कोणी ठरवलं?

1. यमुनाची आनंदी झाली

31 मार्च 1865 ला जोशी नावाच्या कुटुंबात एक मुलगी जन्मली. तिचं नाव यमुना. वडील गणपतराव, आई गंगाबाई. यमुना मुंबईजवळच्या कल्याणला लहानाची मोठी झाली.

त्या काळी मुलींची लग्नं फार लहान वयात होत. आठ-नऊ वर्षांची मुलगी घरात असली, की आई-वडिलांना तिच्या लग्नाची घाई व्हायची. शिक्षणाची घाई मात्र कोणालाच नसायची. मुलीने अक्षरं गिरवली तर घरावर संकट येतं, अशीसुद्धा समजूत होती. समजूत म्हणजे खरं-खोटं न तपासता लोक मानतात ती गोष्ट.

यमुनेचं लग्न नवव्या वर्षी झालं. जरा विचार करा. फुजैरातल्या तुमच्या शाळेत नऊ वर्षांची मुलगी कोणत्या वर्गात असते? तिच्या दप्तरात काय-काय असतं?

नवऱ्याचं नाव गोपाळराव जोशी. ते यमुनेपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. त्यांची पहिली बायको वारली होती. अशा पुन्हा लग्न करणाऱ्या माणसाला मराठीत बिजवर म्हणतात. गोपाळराव पोस्टात कारकून होते. महाराष्ट्रातल्या जुन्या रीतीप्रमाणे लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलत असत. यमुनेचं नाव झालं आनंदी.

गोपाळराव जरा विक्षिप्त होते. विक्षिप्त म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळं आणि तऱ्हेवाईक वागणारे. इतर नवरे हुंडा मागत. यांची अट अशी, की बायकोला शिकवू द्यायचं आणि त्याच्या आड कोणी यायचं नाही. यमुनेच्या घरच्यांनी ती मान्य केली.

2. शिकायचं, पण कोणासाठी?

आता कोणालाही वाटेल, की किती चांगला नवरा! थांबा, इतकी घाई नको.

गोपाळरावांना बायकोला शिकवायचंच होतं. पण आनंदीला शिकायचं आहे का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती लहान मुलगी होती. तिला खेळावंसं वाटायचं, स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पांत बसावंसं वाटायचं. अभ्यास झाला नाही की गोपाळराव भयंकर चिडत. ते तिला मारतही असत. हे आपण लपवायचं कारण नाही, कारण पुढे आनंदीनेच हे लिहून ठेवलं आहे. त्या पत्राकडे आपण नंतर येणार आहोत.

म्हणजे तिची गोष्ट दुसऱ्याच्या हट्टाने सुरू झाली. समाज म्हणत होता, शिकू नकोस. नवरा म्हणत होता, शिकलंच पाहिजे. दोघांच्या मध्ये एक मुलगी उभी होती आणि तिला काय हवं ते कोणालाच माहीत नव्हतं.

गोपाळरावांची नोकरी बदलीची होती. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भूज, आणि शेवटी पार कलकत्ता. तुमच्यापैकी काहींच्या आई-बाबांचीही बदली झाली असेल. अबू धाबीहून फुजैरा, फुजैराहून शारजा असं. नवं गाव, नवे शेजारी, पुन्हा पहिल्यापासून ओळखी. आनंदीचं बालपण असंच गेलं. फरक एवढाच, की नव्या गावी तिच्या वयाच्या मुली तिच्याशी जमवून घेत नसत. पुस्तक हातात घेणारी बायको म्हणजे लोकांना एक तमाशाच वाटे. मुंबईत ती शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावून पाहत आणि हसत.

थांबा आणि सांगा: आनंदीच्या जागी तुम्ही असता, तर शिकायला आवडलं असतं का? का?

3. दहा दिवसांचं बाळ

आनंदी चौदा वर्षांची असताना तिला मुलगा झाला. बाळ दहा दिवस जगलं. त्याला वेळेवर योग्य औषधोपचार मिळाले नाहीत आणि ते गेलं.

चौदा वर्षं. म्हणजे आजची नववीतली मुलगी.

या घटनेनंतर तिच्या मनात वैद्यकीचा विचार आला, असं तिचे चरित्रकार सांगतात. चरित्र म्हणजे एखाद्या माणसाच्या आयुष्याची खरी हकिगत. त्या काळच्या परिस्थितीकडे पाहिलं, तर हे का झालं ते कळतं. डॉक्टर जवळजवळ सगळे पुरुष होते. घरातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर जायची लाज वाटे. स्वतःचं दुखणं त्याला सांगणं तर फारच दूर. मग बायका दुखणं अंगावर काढत. अंगावर काढणं म्हणजे उपचार न करता सहन करत राहणं. बाळंतपणात कित्येक बायका आणि बाळं दगावत.

फुजैरात आज तुम्ही दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरबाई हव्यात असं सांगणाऱ्या पुष्कळ आया आणि आज्या दिसतील. त्यांना डॉक्टरबाई मिळतातसुद्धा. आनंदीच्या काळी असं मागायचं ठरवलं, तरी मागणार कोणाकडे? डॉक्टरबाई हवी असेल, तर आधी कोणीतरी डॉक्टरबाई व्हायला हवं होतं.

इथे गोष्ट वळते. आतापर्यंत अभ्यास गोपाळरावांचा होता. आता आनंदीला स्वतःचं कारण सापडलं होतं.

4. दात दुखले म्हणून मावशी मिळाली

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. त्यांचं नाव रॉयल वाइल्डर. ते पूर्वी कोल्हापुरात राहिलेले होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, आपल्यालाही तिथे काही काम मिळेल का, असं गोपाळरावांनी विचारलं. मदत मिळेल, पण ख्रिस्ती व्हावं लागेल, असा त्याचा सूर निघाला. जोशी पतिपत्नींना धर्म बदलायचा नव्हता. गोष्ट तिथेच थांबली असती.

पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. 1880 साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत त्यांनी तिथे पडलेलं एक मासिक उचललं. त्यात हे पत्र होतं. दूर हिंदुस्थानातल्या एका मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, हे वाचून त्यांनी स्वतःहून आनंदीला पत्र पाठवलं.

मग दोघींची पत्रं सुरू झाली. तेव्हा फोन नव्हते, व्हॉट्सअॅप नव्हतं. एक पत्र बोटीने पोचायला कितीतरी आठवडे लागत. तरी त्या एकमेकींना लिहीत राहिल्या. सणवार, बायकांची लग्नं, तब्येत, धर्म, सगळ्यांवर. कलकत्त्याला आनंदीला वारंवार ताप येई, डोकं दुखे, थकवा असे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

मावशी म्हणजे आईची बहीण. पण मराठीत आपण आईच्या मैत्रिणीला, शेजारणीला, प्रेमाच्या कोणत्याही बाईला मावशी म्हणतो. फुजैरात तुमच्याही अशा दोन-तीन मावश्या असतील, ज्यांचं तुमच्याशी रक्ताचं नातं नाही. आनंदीने हा शब्द अमेरिकेपर्यंत नेला.

5. सभागृहात उभी राहिलेली बाई

गोपाळरावांना बायकोबरोबर जायचं होतं. पण त्यांच्यावर आई-वडिलांची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी होती. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. शेवटी आनंदीने एकटीनेच जायचं ठरलं.

ही बातमी पसरली आणि गोंधळ उडाला. अनेक हिंदू लोक रागावले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी तेव्हा समजूत होती. परदेशातून आलेल्या पुरुषांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागे. म्हणजे चूक झाली असं मानून ती धुऊन काढण्यासाठी विधी करावा लागे. इथे तर एक ब्राह्मण बाई, तीही नवऱ्याशिवाय निघाली होती! दुसरीकडे काही ख्रिस्ती लोक खूश होते, पण त्यांना वाटे तिने आधी ख्रिस्ती व्हावं.

तेव्हा जोशी पतिपत्नी कलकत्त्याजवळ सेरामपूरला राहत होते. आजचं श्रीरामपूर. 24 फेब्रुवारी 1883 ला तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदी भाषणाला उभी राहिली. भाषण इंग्रजीत होतं. समोर हिंदी आणि युरोपियन दोन्ही मंडळी बसली होती. तिचं वय अठराही पुरं झालेलं नव्हतं.

लोक जे प्रश्न पाठीमागे विचारत होते, ते तिने स्वतःच एकेक करून समोर मांडले आणि प्रत्येकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का? कारण हिंदुस्थानात बायकांसाठी वैद्यकीचं पुरतं शिक्षण नाही, आणि इथे शाळेत जायचं तरी रस्त्यावर टिंगल सोसावी लागते. एकटी का? कारण नवऱ्यावर घराचा भार आहे. परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? त्याची भीती नाही, कारण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. हे काम दुसऱ्या कोणी करावं, तुम्हीच का? कारण ज्याला गरज दिसते, त्याने मागे हटायचं नसतं.

या भाषणाची बातमी सगळीकडे झाली. ठिकठिकाणांहून पैशांची मदत येऊ लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आतापर्यंत आपण आनंदीला 'ती' म्हणत आलो. मराठीत लहान मुलीला, मैत्रिणीला आपण 'ती' म्हणतो. मोठ्या किंवा आदरणीय बाईला 'त्या' म्हणतो आणि नावापुढे 'बाई' किंवा 'ताई' लावतो. गोपाळरावांना आपण पहिल्यापासून 'ते' म्हणत आलो आहोत, नाही का? आता त्या सभागृहात स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या बाईला आपणही आनंदीबाई आणि 'त्या' म्हणू या.

6. आगबोट

7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' नावाची बोट सुटली. आनंदीबाई त्या बोटीवर होत्या. सोबतीला काही मिशनरी बायका होत्या, पण घरचं कोणी नव्हतं.

सुएझ कालवा 1869 साली खुला झाला होता. तेव्हापासून हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटी अरबी समुद्र, एडन, तांबडा समुद्र आणि मग सुएझ कालवा अशा वाटेने जात. संध्याकाळी फुजैराच्या कोर्निशवर उभे राहा. क्षितिजापाशी इंधन घ्यायला थांबलेल्या बोटींची रांग दिसते. ते पाणी ओमानच्या आखाताचं, आणि ते पुढे अरबी समुद्रालाच मिळतं. आज आपण विमानात बसतो आणि एक सिनेमा संपायच्या सुमारास मुंबई येते. आनंदीबाईंना कलकत्त्याहून न्यूयॉर्कला पोचायला जवळजवळ दोन महिने लागले.

4 जून 1883 ला त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. धक्का म्हणजे बोट लागते ती जागा. मावशी घ्यायला आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं.

थांबा आणि सांगा: फुजैराहून आपल्या गावी जायला तुम्हाला किती वेळ लागतो? दोन महिन्यांच्या प्रवासाला तुम्ही सोबत काय न्याल?

7. थंडी, साडी आणि पत्रं

आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. 1850 साली सुरू झालेलं हे कॉलेज खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी होतं. रेचेल बॉडली नावाच्या बाई तिथल्या प्रमुख होत्या. आनंदीबाईंनी अर्जात आपलं मोडकंतोडकं शालेय शिक्षण लपवलं नाही. आपल्या देशातल्या बायकांना उपचार मिळावेत म्हणून यायचं आहे, हे मात्र ठामपणे लिहिलं. त्यांना प्रवेश मिळाला.

परदेशात राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. काय सोडायचं, काय धरून ठेवायचं, हा प्रश्न आपल्या घरांतही रोजच येतो. डब्यात काय न्यायचं, शाळेत कोणती भाषा बोलायची, गणपतीला रजा घ्यायची की नाही. आनंदीबाईंनी आपली उत्तरं स्वतः शोधली. त्यांनी मांसाहार केला नाही. साडी सोडली नाही. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक होता. नऊवारी साडीत पायाच्या पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्या गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसू लागल्या. इतकी साधी गोष्ट! पण दूर हिंदुस्थानात गोपाळरावांना ती खटकली. बायको बदलली की काय, अशी शंका त्यांना येऊ लागली आणि त्यांच्या पत्रांतून टोमणे येऊ लागले. बायकोने शिकावं म्हणून हट्ट धरणाऱ्या माणसाला, ती स्वतःच्या डोक्याने निर्णय घेते हे पाहणं अवघड गेलं.

आता आपण त्या पत्राकडे येऊ. अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला सरळ लिहिलं, की तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे. ज्या हेतूने तुम्ही ते केलं तो पाहिला तर बरोबर वाटतं. पण एका लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असता, हे पाहिलं तर ते चूकच होतं. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार आणि बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकं त्या विसरल्या नव्हत्या.

नीट पाहा, त्यांनी काय केलं. त्या उपकार विसरल्या नाहीत आणि अन्यायही विसरल्या नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पत्रात लिहिल्या. त्या काळात नवऱ्याला असं लिहिणारी बायको फार दुर्मीळ. गोपाळरावांनी त्यांना अक्षरं शिकवली. पण त्या अक्षरांनी काय लिहायचं, ते त्यांनी स्वतः ठरवलं.

8. तीन मैत्रिणी आणि एक पदवी

10 ऑक्टोबर 1885 ला काढलेला एक फोटो आहे. इंटरनेटवर सहज सापडेल. त्यात तिघीजणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियातल्या दमास्कसहून आलेल्या सबात इस्लामबुली. तिघीही त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. तुमच्याही वर्गात सीरियाची, फिलिपिन्सची, इजिप्तची मुलं असतील. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक मराठी बाई आणि एक सीरियन बाई एकाच कॉलेजात शरीरशास्त्र शिकत होत्या.

शेवटच्या वर्षी आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला. प्रबंध म्हणजे एका विषयाचा खोल अभ्यास करून लिहिलेला मोठा निबंध. विषय होता हिंदू लोकांमधली बाळंतपणाची वैद्यकी. त्यात त्यांनी आपले जुने आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यक या दोन्हींचा उपयोग केला. चौदाव्या वर्षी ज्या मुलीचं बाळ गेलं होतं, तिने हाच विषय निवडला.

11 मार्च 1886 ला त्यांना एम. डी. पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत येऊन पोचले होते. त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई या समारंभासाठी खास इंग्लंडहून आल्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्याच 1886 साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली हिंदुस्थानातच शिकून डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानातल्या बायकांपैकी पाश्चात्त्य वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या म्हणून या दोघींचं नाव घेतात.

9. न उघडलेला दवाखाना

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना बोलावलं. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. जे स्वप्न सेरामपूरच्या सभागृहात त्यांनी सांगितलं होतं, ते आता हाताशी आलं होतं.

पण थंडी, अपुरं जेवण आणि सततचा अभ्यास यांनी तब्येत आधीच खालावली होती. त्यांना क्षय झाला होता. क्षय म्हणजे आज ज्याला टीबी म्हणतात तो रोग. तेव्हा त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. ते निघायला अजून साठ वर्षं अवकाश होता. 1886 सालच्या शेवटी त्या मायदेशी परतल्या, त्या आजारीच. उपचार पुण्यात झाले. गुण आला नाही.

26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरच्या त्या विभागात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. तिथे आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.

10. मग उरलं काय?

तुम्ही म्हणाल, हे तर फारच दुःखाचं झालं. एवढं शिकल्या आणि उपयोग काय?

उपयोग असा. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, 1888 साली, कॅरोलाइन डॉल नावाच्या अमेरिकन लेखिकेने त्यांचं चरित्र लिहिलं. मग काशीबाई कानिटकरांनी 1912 साली मराठीत लिहिलं. काशीबाईसुद्धा लग्नानंतर, लोकांची बोलणी खात शिकलेल्या. त्या मराठीतल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या लेखिका. एका शिकलेल्या बाईची गोष्ट दुसऱ्या शिकलेल्या बाईने जपून ठेवली. डॉ. रखमाबाई लंडनला जाऊन शिकल्या आणि 1890 नंतर डॉक्टर होऊन परतल्या. त्यांनी सुरतेत कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. पहिल्या बाईला वाट नसते. दुसरीला निदान पावलं दिसतात.

आणि मग 1968 साली आली 'आनंदी गोपाळ'. त्या कादंबरीने ही गोष्ट घराघरांत नेली. ती वाचून कित्येक वाचक रडले, कित्येकांना गोपाळरावांचा राग आला, कित्येकांना त्यांचं कौतुकही वाटलं. हे तिन्ही एकाच वाचकाला होऊ शकतं. चांगल्या कादंबरीचं तेच काम.

कादंबरी वाचलेले बरेच लोक म्हणतात, गोपाळराव नसते तर आनंदीबाई नसत्या. हे खरं आहे. पण अर्धं. हट्टाने शिकवलेल्या मुली आणखीही असतील. पण भर सभेत उभं राहणं, बोटीत एकटीने चढणं, थंडीत साडी बदलणं, नवऱ्याला ते पत्र लिहिणं, ताप अंगात असताना परीक्षा देणं, हे दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. सुरुवात गोपाळरावांनी केली. निर्णय आनंदीबाईंचा होता.

शुक्र ग्रहावरच्या एका मोठ्या खड्ड्याला, म्हणजे विवराला, जोशी हे नाव दिलेलं आहे. ते आनंदीबाईंचं. फुजैराच्या डोंगरांमागे सूर्य गेला आणि आकाशात शुक्र दिसला, तर घरच्यांना दाखवा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते मराठीतून सांगा.

बोला आणि लिहा

1. आनंदीबाईंना स्वतःसाठी शिकायचं कारण केव्हा सापडलं? दोन-तीन वाक्यांत सांगा.

2. सेरामपूरच्या भाषणात त्यांनी कोणत्या प्रश्नांची उत्तरं दिली? त्यातलं कोणतं उत्तर तुम्हाला सगळ्यात धीट वाटलं?

3. ही वाक्यं आदराने लिहा: ती बोटीत बसली. तिने प्रबंध लिहिला. ती पुण्याला परत आली.

4. या शब्दांचा उपयोग करून एकेक वाक्य लिहा: समजूत, अंगावर काढणं, बदली, धक्का.

5. परदेशात राहताना तुमच्या घरात कोणती गोष्ट बदलली आणि कोणती तशीच ठेवली? ती तशीच का ठेवली? आठ-दहा वाक्यं लिहा.

6. घरी विचारा: आपल्या कुटुंबात शाळेत गेलेली पहिली बाई कोण? तिला कोणी शिकवलं आणि तिला स्वतःला काय व्हायचं होतं? फोनवर आजीशी किंवा मावशीशी बोला आणि पुढच्या तासाला वर्गात सांगा.